तिची चित्रं, माझी वांगी

जिल्ह्याच्या चित्रकलेचा इतिहास लिहिणारी एक प्राध्यापिका घरी येणार म्हणून मी सकाळपासून बैठकीत माझी चित्रं मांडत होते. मेहरूणचा तलाव खिडकीपाशी, केळीची बाग सोफ्यावर, देवळाची पायरी टीव्हीला टेकवून. तलावाच्या काठचं गवत फिकं वाटलं, तर ऐनवेळी त्यावर पुन्हा हातही फिरवला. जळगावात जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, अर्ध्या गावाच्या पोरांच्या हातात ब्रश दिला. त्या पुस्तकात माझ्यासाठी एक पान तरी असावं, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

बाई आली. चित्रांवरून नजर फिरवली, "छान आहेत, मॅडम," म्हणाली आणि बसता बसताच धुळ्याच्या माझ्या मैत्रिणीचं नाव घेऊन विचारलं, "त्या तुमच्या वर्गात होत्या ना? स्वभावानं कशा होत्या?"

झालं. माझा नुसता तिळपापड.

कलाशिक्षकाच्या कोर्सला धुळ्यात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. पुढं मी नोकरीला लागले, ती तिथंच चित्रं काढत राहिली. जिवंत होती तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि तोवर मला तिची फार माया वाटायची. ती गेली आणि प्रदर्शनं काय, लेख काय! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. ती माझ्याहून चांगली काढायची, हे मला कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. खरं दुखणं ते.

"बघून बघून काढायची सवय होती तिला," मी प्राध्यापिकेला सांगितलं. खोटं नव्हतं ते. एकदा सुटीहून परतताना मी असोद्याहून, माहेरून, भरताची वांगी आणली होती. आपली ती मोठी, पोपटी. ताटात मांडून मी चित्र काढायला बसले. बघते तर ही समोरच्या कॉटवर मांडीवर बोर्ड घेऊन बसलेली आणि सारखी मान वर करून इकडंच बघतेय. वांगी माझी, ताट माझं, मांडणी माझी, आणि ही आयत्या बिळावर नागोबा! मी ताट ओढून आडोशाला घेतलं. तरी तिचं चालूच.

"जराशी हालू नको वं," एवढंच म्हणाली. ते चित्र तिनं मला कधी दाखवलं नाही. दाखवेल कुठल्या तोंडानं, असं मी सगळ्यांना सांगत आले.

प्राध्यापिकेनं यातलं काही लिहून घेतलं नाही. तिनं मोबाइल पुढं केला. "पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं हे चित्र घेतोय. त्यांच्या घरच्या ट्रंकेत सापडलं. यातली मुलगी कोण, ते मात्र कुणालाच सांगता येत नाहीये."

मान खाली घातलेली एक मुलगी. जिभेचं टोक ओठांत धरलेलं, हातात ब्रश, अंगठ्याला पोपटी रंग. रंग अंगठ्यानं पुसायची माझी खोड अजून गेलेली नाही. वांगी चित्रात नव्हतीच. इतक्या निगुतीनं मला कधी कुणी पाहिलं नव्हतं. आणि आनंद व्हायचा सोडून माझा जळफळाट झाला, कारण चित्र फार सुरेख होतं.

"नाही बाई ओळखत," मी म्हणाले. मुखपृष्ठ तिचं आणि मी त्यात शोभेला? नकोच ते.

तेवढ्यात आमचे हे बाजारातून आले. हे धरणगावचे, पिशवी ठेवायच्या आधी कुठंही डोकावणार. "हाई ते तूच शे ना वं!" हे ओरडले. "बठ्ठं तोंड तुनंच शे!" सगळं तोंड म्हणे माझंच.

प्राध्यापिका माझ्या अंगठ्याकडे बघायला लागली. सकाळच्या गवताचा हिरवा रंग अजून तिथंच होता.

"लिहा मग माझं नाव," मी म्हणाले. "पण नुसती मैत्रीण लिहायचं नाही. चित्रकार लिहा. नाहीतर छापूच नका."

"लिहीन की," ती म्हणाली. "पण मॅडम, ते तर चित्रातच दिसतंय."

मी पुन्हा पाहिलं. दिसत होतं. तलाव, बाग, पायरी, एवढं सगळं मांडून मला जे दाखवता आलं नाही, ते तिनं कॉटवर बसून काढून ठेवलं होतं. मेली, तेवढंसुद्धा माझ्यासाठी शिल्लक ठेवलं नाही.