सकूमावशीची सांगड

गावात कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं की सकूमावशी छपरावरचे कडू भोपळे खाली काढायची आणि बोटांनी ठोकून पाहायची. पक्के वाळलेले, हलके असे दोन निवडून बाजूला ठेवायची. ते नव्या सुनेसाठी.

मी मानोऱ्याकडची. आमच्या गावात पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसेल तेवढं. पन्नास सालानंतर एक-दोन वर्षांनी लग्न होऊन रिसोडच्या पुढे, पैनगंगेकाठी आले. अंगावरची हळद उतरली नव्हती तोच मावशी दारात उभी. भोयाची विधवा, उंच, सावळी.

"सूनबाईले नदीवर नेतो," ती म्हणाली.

सासूबाई उसळल्या. "सुना पोहाले लागल्या तं घरचं कोन करीन?"

"अन बुडाली तं कोन करीन, ते सांग."

सासूबाईंनी दारातून वाट सोडली. मावशीची स्वतःची सून लुगडी धुताना डोहात घसरून गेली होती. नवरा नावाडी, मुलगा मासे धरणारा; पण त्या घरातल्या सुनेला पोहायला शिकवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बायकांच्या घाटावर मावशीनं माझा काष्टा घट्ट खोचला आणि दोन्ही काखांखाली एकेक भोपळा देऊन दोरी बांधली.

"याले सांगड म्हन्तेत. एकच भोपळा बांधला तं मानूस कलंडते. दोन पाह्यजे, अन मंधात दोरी. लई कसू नये, काचते. सैल सोडली तं निसटते."

"मावशी, मले भेव लागून राह्यलं."

"मलेबी लागते. सोड पाय."

तिचा नवरा पुराच्या दिवसांत होडीसारखे दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून त्यांवरून बैल पार न्यायचा. तीही सांगडच. मावशीच्या तोंडी मात्र हा शब्द कुठंही यायचा. शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण ऐकलं की म्हणायची, "सांगड काचून राह्यली वं, जरा ढिली करा." पुढं वर्तमानपत्रात 'शेती आणि उद्योगाची सांगड' असं वाचलं की मला तिची गाठ मारायची पद्धत आठवायची.

मी पोहायला लागले त्याच उन्हाळ्यात एका दुपारी सासूबाई घाटावर आल्या. पायरीवर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले. मग पाण्याकडे पाहतच म्हणाल्या, "सकू, या वयात मले येईन काय?"

मावशी हसली नाही. तिनं दोरी उचलली. "हात वर कर."

काही वर्षांनी हिवाळ्यात मावशी तापानं अंथरुणाला खिळली. मी उशाशी बसायची. एक दिवस तिनं विचारलं, "खालच्या आळीत नवी सून आली म्हन्तेत. पोहाले येते काय तिले?"

"नाई. पान्याले लई भेते."

"मंग तू इथी काहून बसली? जा."

मी गेले. ती पोरगी माझ्या गळ्याला मिठी मारून रडली, नाकातोंडात पाणी गेलं, पण शेवटी तरंगली. मी तशीच ओल्यानं मावशीकडे धावले.

"तरंगली वं मावशी!"

तिनं माझा पदर हातात घेतला आणि होती तेवढ्या ताकदीनं पिळला. पाणी जमिनीवर टपटपलं. "गार पडशीन, पोरी. लुगडं बदलून ये."

मी घरी जाऊन लुगडं बदलून आले. तोवर ती गेली होती.