नाव नसलेला गट

ज्या गावात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्या गावाचं सांडपाणी कोणत्या बाजूने वाहतं हे मला पाठ आहे. गाव फ्रान्समधलं, एका चुनखडीच्या पठाराच्या कडेला. वस्ती शंभराच्या आत. एक चर्च, बायकांनी धुणं धुवायचं एक जुनं दगडी छप्पर, एक ओढा, आणि चौकात युद्धात मेलेल्यांच्या नावांचा खांब. त्या खांबावर जेवढी नावं आहेत तेवढ्या टपालपेट्या आता गावात नाहीत. पावाची गाडी आठवड्यातून दोनदा येते. तरी गावाला स्वतःचा मेअर आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने सरपंच, आणि ओढ्यावर साधी मोरी बांधली तरी तो छातीवर तिरंगी पट्टा आडवा घालून फीत कापतो.

हे सगळं मला दोहात बसून कळलं. मी इथे एका सल्लागार कंपनीत ड्राफ्ट्समन आहे. आमच्या विभागाचं काम म्हणजे नव्या वस्त्या जुन्या दिसतील अशा काढणं. भिंतीला तडा कुठे हवा, दाराचा रंग किती उडालेला हवा, याचीही ड्रॉइंग होतात आणि तडासुद्धा सहीशिक्क्याने मंजूर होऊन येतो. उद्घाटनाला खजूर, गुलाबपाणी आणि वारशाबद्दल एक भाषण असतं. भाषणाच्या वेळी मागच्या रांगेत मी आणि एक म्हातारा फ्रेंच सर्व्हेअर उभे असायचो. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. एकदा भाषण चालू असताना तो माझ्या कानात म्हणाला की ही भिंत पाडव्याला जन्मलेल्या पोरापेक्षा लहान आहे. पाडवा हा शब्द माझा. त्याने कुठला तरी त्यांचा सण सांगितला होता. तेव्हापासून आमचं जमलं.

एके दिवशी त्याने विचारलं की सुट्टीच्या दिवशी त्याच्या गावाचा नकाशा काढून द्याल का. त्याचं गाव शेजारच्या मोठ्या गावात विलीन होणार होतं. विलीन होण्याआधी तो गावावर एक पुस्तिका लिहीत होता: भूगोल, इतिहास, जपण्यासारखं काय काय आहे. ही पुस्तिका शेवटच्या ग्रामसभेपुढे जाणार होती. तिच्यात ज्याची नोंद होईल ते राहील. बाकीचे गावाच्या मालकीचे बिनकामाचे तुकडे नवी पालिका विकून टाकणार होती. तशी यादी एका गुळगुळीत कागदावर छापून आली होती. वर नव्या पालिकेचं चिन्ह म्हणून उगवता सूर्य होता.

मग दर शुक्रवारी दुपारी मी राहतो त्या अल वक्राहून त्याच्या अबू हमूरच्या फ्लॅटवर जायला लागलो. माझा खोलीतला सोबती रत्नागिरीचा, ड्रायव्हर. तो मला तिकडे सोडायचा आणि वाटेत न चुकता डिवचायचा.

"काय ओ भाऊ, दोहात ऱ्हाऊन फ्रान्सची तलाठीगिरी? चाय तरी देतो काय तो?"

चहा द्यायचा. फार वाईट द्यायचा. टेबलावर तो जुन्या मोजणीच्या नकाशांच्या प्रती पसरायचा. ते कागद पाहिल्यावर मला परकं काही वाटलंच नाही. माझे वडील भूमी अभिलेख खात्यात मोजणीची साखळी ओढायचे. गट, बांध, पोटखराब, गायरान हे शब्द मी पाढ्यांबरोबर शिकलो. तो गट नंबर वाचायचा, मालकाचं नाव वाचायचा, रानाचं नाव इंग्रजीत समजावून सांगायचा, आणि मी कॉम्प्युटरवर रेघ मारायचो. लांडग्याची उडी. फाशीचा माळ. म्हातारीची विहीर. प्रत्येक वावराला नाव होतं. नाव सांगून झालं की तो म्हणायचा, "यल्ला, पुढचा." वीस वर्षांच्या नोकरीत अरबी भाषेतून त्याने एवढंच घेतलं होतं.

भुतांवर माझा विश्वास नाही. वारशाच्या धंद्यात राहून तो ठेवणं अवघड आहे. तिथे भूतही चौरस मीटरने लावतात. पण त्या हिवाळ्यात ते गाव माझ्या मागे लागलं. वक्राच्या किनाऱ्यावर चालताना माझे पाय चर्चच्या मागून धुण्याच्या छपराकडे वळत. ऑफिसच्या संगमरवरी गल्लीत मी मनात घरं मोजत असे. आणि त्या गावात मला कधी कोणी भेटत नसे. कसं भेटणार? नकाशात माणसं नसतात. दारं उघडी, ओढा वाहता, आणि मी एकटा. एकदा मीटिंगमध्ये कोणीतरी मला काही विचारलं, तेव्हा मी तिथे नव्हतो.

महिन्याभराने पहिली प्रत छापली. ज्या तुकड्यांचा वापर कागदात नव्हता, तिथे दिसेल त्यावरून मी तात्पुरते शब्द टाकले होते: कुरण, बाग, खडक. म्हातारा पट्टी ठेवून एकेक गट तपासत होता. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्याची पट्टी थांबली. वाईट चहा माझ्या हातात निवून गेला.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

मी वाकून पाहिलं. तिथे एक चिंचोळी पट्टी होती. पूर्ण नकाशात नाव नसलेला तेवढा एकच गट. तिच्यावर मी इंग्रजीत लिहिलं होतं: मुलं पुरायची जागा.

चूक माझी होती. कुरण लिहावं तितक्या सहज माझ्या बोटांनी ते लिहिलं होतं आणि मला आठवतही नव्हतं. मी माफी मागून ते खोडायला गेलो. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाला की आधी सांगा, का लिहिलं.

मग सांगावं लागलं. आमच्याकडे मोठ्या माणसाला जाळतात, पण तान्ह्या पोराला पुरतात. जागा गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. मालकी गावाची. कोणी नांगरत नाही, कोणी विकत घेत नाही, कोणी नाव घेत नाही. वर दगड आणि बाभळीच्या फांद्या टाकतात, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. खूण ठेवत नाहीत. माझा एक भाऊ तिथे आहे. त्याच्यावरून आजवर नांगर गेलेला नाही, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत आहे. आणि तुमच्या या पट्टीकडे पाहा, मी म्हणालो. ओढ्याकाठी, गावाच्या खाली. मालकी गावाची. दोनशे वर्षांच्या नकाशांत तिच्यात एकदाही पीक नाही. चर्चच्या मागून एक तुटक रेघेची पायवाट निघते, ती गावातून न जाता बाहेरून वळसा घालते, या पट्टीपर्यंत येते आणि संपते. पुढे ना शेत, ना पूल. लोक तिथे जायचे आणि परत यायचे. कशाला?

तो उठून खिडकीशी गेला. खाली कंपाउंडमध्ये दोन गाड्या धुतल्या जात होत्या, तेवढंच दृश्य होतं. पाठ माझ्याकडे ठेवूनच त्याने सांगितलं की त्याच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. एक दिवसही जगली नाही. बर्फामुळे पाद्री वेळेवर पोचला नाही, आणि बाप्तिस्मा न झालेल्या पोराला चर्चच्या आवारात जागा नव्हती. आजोबा तिला मेणबत्त्यांच्या खोक्यात घालून घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. कुठे ठेवली ते त्यांनी सांगितलं नाही. आई मरेपर्यंत विचारत राहिली. सगळ्या मृतांच्या सणाला ती शेवंतीची कुंडी घेऊन जायची आणि चर्चच्या भिंतीला बाहेरून टेकवून ठेवायची, कारण दुसरी जागा तिला माहीत नव्हती.

विक्रीच्या यादीत ती पट्टी सातव्या क्रमांकावर होती.

मी त्याला बजावलं की माझ्यावर विसंबू नका. माझा धंदा खोटं जुनं काढायचा आहे, आणि कागदावर नाही ते नकाशावर घेऊ नये हे तुम्हीच मला शिकवलंत. तो म्हणाला की कागद मिळणार नाही, पण मावशी आहे. नव्वदीच्या पुढची, वृद्धाश्रमात, कानाने अधू.

पुढच्या शुक्रवारी त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. मला फ्रेंच येत नाही. मी फक्त आवाज ऐकत होतो. त्याने दोनदा ओरडून काही विचारलं. पलीकडे कुठेतरी ताटांचा आवाज येत होता. मग म्हातारी बोलायला लागली, न थांबता, खालच्या आवाजात. शेवटी तिने त्याला एक प्रश्न विचारला. त्याने उत्तर दिलं. तिने एकच शब्द म्हटला आणि फोन ठेवला.

त्याने मला सगळं सांगितलं, भाषांतर करताना करतो तसं, सपाट आवाजात. मावशी तेव्हा अकरा वर्षांची होती. वाटेत कोणी भेटू नये म्हणून आजोबांनी तिला पुढे चालायला लावलं होतं. पट्टीत आधीच पुष्कळ मुलं होती, गावातल्या बहुतेक घरांची. किती ते तिला ठाऊक नाही, पण पाय जपून टाकावा लागला. "तुझ्या आईला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. तू सांगणार का तिला?" असं तिने विचारलं. आई जाऊन बारा वर्षं झाली, असं त्याने तिला ओरडून सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"ती म्हणाली, तरीही."

आम्ही दोघं हसलो. मग तो बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ तिथे राहिला.

नोंद करायची तर खूण हवी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्मशानभूमीची खूण म्हणजे छोटे छोटे क्रूस. ते मी टाकले, त्याने काढायला लावले. म्हणाला, चर्चने जे दिलं नाही ते आपण कोण देणारे. तुमच्याकडे काय खूण करतात, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, काही नाही. न नांगरणं हीच खूण. शेवटी आम्ही पट्टी कोरी ठेवली आणि ती पायवाट तेवढी तुटक रेघेची सलग रेघ केली. खाली सूचीत त्याने एक ओळ लिहिली: गावची मुलं. सातवा क्रमांक वगळावा, एवढं पत्र सोबत जोडलं. मावशीचं नाव कुठेच घातलं नाही. आपण तिचा शब्द अर्धा मोडला आहे, असं तो म्हणाला. उरलेला अर्धा पाळू.

ग्रामसभेने ठराव कसा केला ते मला नंतर कळलं. भाषणं झाली, तिरंगी पट्टा होताच. सातव्या क्रमांकावर कोणी बोललं नाही. सरपंचाने खिशातलं पेन काढून तो खोडला आणि पुढचं वाचलं. खोलीत बसलेल्या म्हाताऱ्या लोकांपैकी एकानेही का म्हणून विचारलं नाही. त्यांना माहीत होतं, असं माझ्या मित्राचं मत. मला ते पटतं, आणि पटल्यापासून ते गाव जरा जास्तच भीतीदायक वाटतं.

त्या उन्हाळ्यात तो निवृत्त होऊन गेला. ऑफिसने त्याला काचेचा एक मनोरा दिला. तो त्याने शेजारच्या टेबलावरच, म्हणजे माझ्याकडे, ठेवला.

महिन्याभराने त्याचा निरोप आला. तो पायवाटेने गेला होता. ती माझ्या नकाशापेक्षा चाळीस पावलं लांब आहे, दुरुस्त करा, असं त्याने लिहिलं होतं. खालच्या वावरात एक शेतकरी ट्रॅक्टरने गवत कापत होता, पट्टीच्या कडेला आला की यंत्र उचलून वळत होता. तो तरुण होता, बाहेरगावचा, लग्न करून इथे आलेला, त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. इथे का वळतोस, असं म्हाताऱ्याने त्याला विचारलं.

सासरे इथूनच वळायचे, तो म्हणाला.

मी फाइल उघडली आणि पायवाट चाळीस पावलं वाढवली.