आमच्या गाडीला तेल लागत नाही

आता सांगतेच, पण आधी हातातले कप खाली ठेवा. मागच्या वेळी ही गोष्ट सांगताना एका बाईंनी हसून हसून स्वतःच्या साडीवर चहा सांडला आणि वर मलाच म्हणाल्या, तुझ्यामुळे झालं. मला या गोष्टीची लाज वाटायची, पण लाजायला पण अंगात थोडी ताकद लागते. ती आता उरली नाही. इथे बंगालात आम्ही राहतो त्या सगळ्या बेहालाला माहीत झालंय, तर तुम्हीच कशाला मागे राहता?

आमचे हे गार्डन रीचला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. तिथे आत जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो. म्हणून सगळीकडे माझा नंबर दिलेला. गॅसवाला मला, शाळा मला, बँक मला, आणि गाडीचं सर्व्हिस सेंटर पण मलाच फोन करतं.

गाडी विजेवरची. दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा यांनी मला उभ्या उभ्या समजावलं होतं.

"हिला इंजिन नाही. म्हणून ऑइल नाही, प्लग नाही, काही नाही. मोबाइलसारखी चार्जिंगला लावायची आणि निघायचं."

"म्हणजे तेलाचा थेंब लागत नाही?"

"थेंब नाही."

झालं. मी ते पाठ केलं. दिवाळीला साताऱ्याला गेलो तेव्हा विचारेल त्याला सांगितलं आणि न विचारेल त्यालाही सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बिनतेलाची तर भाजी पण होत नाही, गाडी कशी होईल?" मी म्हटलं, "आत्या, नवीन जमाना आहे." केवढा तो माझा तोरा. आठवलं की आता तोंड लपवावंसं वाटतं.

तर यंदा काय झालं, उन्हाळ्यात एका माणसाचा फोन आला. अर्धं हिंदी, अर्धं बंगाली. "बौदी, आपका गाडी का ब्रेक ऑइल का टाइम हो गया." बौदी म्हणजे वहिनी. इथे फसवणारे पण वहिनीच म्हणतात. मी म्हटलं, "हमारे गाडी को तेल नहीं लगता," आणि फोन ठेवला. आठ दिवसांनी परत. मी परत ठेवला. तिसऱ्या वेळी तो बिचारा म्हणाला, "बौदी, सुनिए तो, इलेक्ट्रिक में भी..." मी म्हटलं, "भैया, किसी और को बनाओ." आणि नंबरच ब्लॉक करून टाकला. यांना सांगितलं पण नाही. उगीच कशाला डोक्याला ताप?

मग एक मेसेज आला इंग्रजीत. माझी शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं लागतात मला, पण एकेक लावत बसावं लागतं, आणि त्या दिवशी दूध गॅसवर होतं. एफ, एल, यू, एवढं वाचलं. फ्लू. खाली तारीख. म्हणजे लसीची आठवण आलेली दिसते, सरकार किती करतं बघा, असं म्हणत मी ओवीला, म्हणजे आमच्या सहा वर्षांच्या मुलीला, उचललं आणि डॉक्टरकडे नेऊन सुई देऊन आणली. दोन दिवस पोर कण्हत होती. मला मात्र समाधान, की चला, वेळेवर झालं.

हसू नका. अजून गोष्ट सुरू पण झाली नाही.

त्या रविवारी मला कणकण होती. हे म्हणाले, "तू पड जरा. मी ओवीला घेऊन बराकपूरला जाऊन येतो." तिथे यांचा एक मित्र राहतो, आपल्याकडचाच. दोघं गेले. मी पडले. पडून काय होतं? माझं डोकं गाडीच्या मागे पळत होतं. दीड तास झाला, फोन केला. "पोचलात का?" एवढंच विचारायचं असतं मला. यांना त्याचा वैताग येतो ते वेगळं.

फोन उचलला तो एका परक्या माणसाने.

"हॅलो, बौदी?"

तुमच्या नवऱ्याच्या फोनवर परका माणूस बोलला तर तुम्हाला काय वाटेल? मी ताडकन उठून बसले.

"कौन बोल रहा है? वो कहाँ हैं?"

"दादार फोन गाडीतेई पोडे आछे, बौदी." फोन गाडीतच पडलाय. एवढं मला कळलं. बाजारात रोज दोन वर्षं घासाघीस करून बंगाली मला येतं, असं मी सगळ्यांना सांगते ना.

"और वो?"

"दादा नेई."

नेई म्हणजे नाही. 'आलू नेई', हिरवी मिरची मागितली की 'काँचालोंका नेई', रोज ऐकते मी. दादा नाही.

"मेरी बेटी?" मी विचारलं.

"मेयेओ नेई." मुलगी पण नाही.

मागे काहीतरी ठोकल्याचा आवाज चालला होता. तो माणूस अगदी शांतपणे पुढे बोलतच होता. ब्रेकमध्ये 'जोल' शिरलंय म्हणाला. जोल म्हणजे पाणी. आणि मग म्हणाला, "पाल्टाते होबे."

"पलटी?" मी विचारलं.

"हँ हँ, पुरोटाई पाल्टाते होबे." पूर्ण पलटी.

मी विचारलं कुठे, तर काहीतरी 'पुकुर' म्हणाला. पुकुर म्हणजे तळं. म्हणजे ब्रेक लागला नाही, गाडी पूर्ण पलटी होऊन तळ्यात गेली, आत पाणी शिरलं, आणि माझी माणसं... आणि मला त्याच क्षणी तो उन्हाळ्यातला आवाज आठवला. "बौदी, ब्रेक का टाइम हो गया." तो ब्रेकबद्दलच सांगत होता आणि मी त्याला ब्लॉक केला. मी. दुसऱ्या कुणी नाही.

खरं सांगते, ती पाच मिनिटं मी अजून कुणाला नीट सांगू शकत नाही. ती हसण्यातली नाहीत.

मी साताऱ्याला सासूबाईंना फोन लावला. "आत्या, गाडी पलटी झाली तळ्यात," एवढंच बोलले आणि पुढे रडू आलं. मग परत त्या माणसाला लावला. तो म्हणाला, गाडी वर उचलून ठेवलीय, चाकं काढलीत, तुम्ही या. म्हणजे क्रेनने काढली. चाकं निखळली. मी पत्ता विचारणार तोच माझा फोन बंद पडला. बॅटरी संपली. गाडीचं चार्जिंग किती टक्के आहे हे मी दिवसातून दहा वेळा बघते, आणि स्वतःचा फोन कालपासून लावला नव्हता.

खाली घरमालकीण मासीमा राहतात. सत्तरीच्या, ऐकायला थोडं कमी. मी जिन्यातूनच ओरडले, "मासीमा, गाडी पलट गया, पुकुर में." मासीमांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि अशी काही हाक मारली की समोरच्या क्लबात कॅरम खेळत बसलेले चार बाप्ये उठून आले. त्यातले बापीदा सगळ्यांचे पुढारी. पन्नाशीचे, लुंगीवर.

"कोन पुकुर, बौदी?"

मला काय माहीत कोणतं? मी म्हटलं, "कुछ तो पुकुर."

"ठाकुरपुकुर?"

"हाँ, वही, वही."

आता ठाकुरपुकुर हा इथे जवळच असलेला भाग आहे. दुकानं, बस स्टॉप, मेट्रो, सगळं आहे. शंभर वेळा गेलेय मी तिथे. पण त्या वेळी 'ठाकुर' डोक्यात शिरलंच नाही, नुसतं पुकुर शिरलं, आणि पाण्यात दिसली ओवी. बापीदांना पण एवढं सुचलं नाही. त्यांनी विसर्जनाचा दोर काढला. एकजण बांबू घेऊन आला, एकजण ट्यूब. टोटो म्हणजे ती बॅटरीची रिक्षा, ती थांबवली आणि मी, मासीमा, बापीदा, दोर, बांबू, असे सगळे त्यात बसलो. बाकीचे स्कूटरवर मागून. मासीमा वाटभर माझा हात धरून काहीतरी पुटपुटत होत्या. मी देवाला म्हणत होते, परत कुणाचा फोन ठेवणार नाही, एकदा दोघांना दाखव.

ठाकुरपुकुरला तळं कुणाला सापडेना. बापीदा उतरून एका पानवाल्याला विचारत होते, एवढ्यात मला आमची गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला मोठं शेड, आणि त्यात आमची गाडी माणसाच्या डोक्याएवढी उंच उचललेली. चारी चाकं खाली. पोटातून नळी निघालेली आणि बाटलीत चहासारखं काळपट काहीतरी ठिबकतंय.

मी "ओवी" म्हणून ओरडले तर रस्त्याच्या पलीकडून उत्तर आलं.

"काय गं, आई?"

बघते तर समोरच्या दुकानाच्या बाकावर बापलेक बसलेले. पानात कचोरी आणि बटाट्याची भाजी. ओवीच्या हातात जिलबी, तोंडाला पाक.

मी रस्ता कसा ओलांडला ते मला माहीत नाही. ओवीला धरलं ते सोडेनाच. तिचा पाक माझ्या केसांना लागला.

"अगं, तू इथे कशी?" हे उभेच राहिले. "आणि हा दोर कशाला?"

"तुम्ही तळ्यात होतात ना?"

"कुठल्या तळ्यात? वाटेत ब्रेकचा लाल दिवा लागला, म्हणून गाडी फिरवून इथे सर्व्हिस सेंटरला आणली. फोन गाडीत राहिला. तुला मुद्दाम कळवलं नाही, उगीच काळजी करत बसशील."

उगीच.

तेवढ्यात मिस्त्री हात पुसत आला. तोच शांत आवाज. "बौदी, ताहोले पाल्टाबो?"

मी ओवीला आणखी घट्ट धरलं. ओवी जिलबी चाटत म्हणाली, "आई, पाल्टाबो म्हणजे बदलू का. ते विचारतायत, ब्रेकचं ऑइल बदलू का."

"पलटी नाही?"

"पलटी नाही गं. शाळेत टीचर रोज म्हणतात, खाता पाल्टाओ. वही बदल." आणि बापीदांना तिने हे सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. एवढीशी पोर, मराठी बोलताना अडखळते, आणि बंगालीत माझी अब्रू दोन मिनिटांत काढून मोकळी झाली. बापीदांनी दोर खाली ठेवला. मासीमांना ऐकू गेलं नव्हतं, त्या आणखी थोडा वेळ रडत राहिल्या.

मग मिस्त्रीने मला समजावलं. इंजिन नसलं तरी ब्रेक असतोच, आणि ब्रेक दाबला की जोर चाकापर्यंत नेणारं एक ऑइल असतं. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. इथल्या हवेत तर विचारूच नका, माझे पापड पण वाळत नाहीत. त्या ऑइलमध्ये पाणी वाढलं की ब्रेक ऐन वेळी पोकळ लागतो. गाडी चालवा की उभी ठेवा, दोन वर्षांनी ते बदलायचं. त्याने पेनासारखं काहीतरी त्यात बुडवून दाखवलं, तर लाल दिवा लागला.

"आमरा तो तीनबार फोन कोरेछिलाम," तो यांना म्हणाला. आम्ही तीनदा फोन केला होता. एक मॅडम म्हणाल्या, गाडीला तेल लागत नाही. मेसेज पण पाठवला.

हे हळूच माझ्याकडे वळले. "कसला मेसेज?"

"फ्लूचा," मी म्हटलं.

"ब्रेक फ्लुइड." हे म्हणाले. "म्हणजे बदलायचं होतं गाडीचं ऑइल आणि सुई टोचलीस पोरीला?"

"तुम्हीच म्हणालात, थेंब लागत नाही."

"इंजिनाचं म्हणालो होतो."

"ते मला कसं कळणार?"

यावर यांनी सगळ्या क्लबाला कचोरी सांगितली. बापीदांनी आठ खाल्ल्या. म्हणाले, दोर ओढायची वेळ आली असती तर ताकद लागली असती, म्हणून.

माझा फोन तिथेच चार्जिंगला लावला. चालू झाला तशी साताऱ्याची रिंग. सासूबाई.

"आत्या, काही झालं नाही. दोघं चांगली आहेत. गाडीचं नुसतं तेल बदलायचं होतं."

मग सासूबाई म्हणाल्या, अगदी थंडपणे, "सूनबाई, मी म्हातारी आहे, पण मला बनवू नको. त्या गाडीला तेल लागत नाही. तूच गावभर सांगितलंस."

"आत्या, ऐका तर, विजेच्या गाडीला पण..."

त्यांनी फोन ठेवला. परत लावला तर लागेचना. ब्लॉक कसं करायचं ते दिवाळीत मीच त्यांना शिकवलं होतं.