टाळी वाजल्याशिवाय पुढचं वाक्य नाही

मास्तरानं स्वतःच्या पोराला शिकवायला जाऊ नये म्हणतात. मी गेलो. नुसता गेलो असतो तर निभावलं असतं, पण मी शास्त्र घेऊन गेलो! काय झालं ते सांगतो, तुम्ही चहा घ्या.

मी रामाकोन्याच्या शाळेत मास्तर, राहायला सौंसरला. पोरगी गार्गी, सौंसरच्याच शाळेत तिसरीत. घरात हिची टकळी बंद होत नाही. पण चार माणसांसमोर उभी केली की आवाज गायब! मागच्या वर्षी वर्गात कविता म्हणायला उठली, तोंड उघडलं, अन् रडतच खाली बसली. तेव्हापासून हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. बाप मास्तर अन् पोरगी मुकी! मला लय लागायचं ते.

अशात आमचं छिंदवाड्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. मुलांचं वागणं अन् शिकणं, असा विषय. भोपाळहून आलेला तरुण साहेब म्हणाला, “गुरुजी, बच्चे ने ज़रा-सी भी कोशिश की, तो तुरंत शाबाशी! देर की तो असर गया.” मोठं काम बारीक पायऱ्यांत तोडा, प्रत्येक पायरीला शाबासकी द्या. मला एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी दुपारून, सवय लागल्यावर शाबासकी हळूहळू कमी कशी करायची, हे सांगणार होते. पण दुपारी आमच्यातल्या एकाची गाडी जामसांवलीला निघून राहिली होती अन् तिच्यात एक सीट खाली होती. आता तुम्हीच सांगा, मारुतीचं दर्शन कोण सोडते?

घरी आलो तं बातमी तयार. स्नेहसंमेलनात प्रत्येक वर्गातून एक भाषण, अन् तिसरीतून गार्गी! तिनं स्वतःच हात वर केला होता. मॅडमला वाटलं भाषणासाठी. तिला वाटलं हजेरी चालू आहे.

“बाबा, मी नाई करत,” ती रडायला लागली.

“तू फक्त पलंगावर उभी राह्य,” मी म्हटलं.

उभी राहिली. मी टाळी वाजवली. नाव सांगितलं, टाळी. पहिलं वाक्य, टाळी! विषय होता ‘माझं आवडतं झाड’. माझ्या बाबांची मोहगावला संत्र्याची बाग आहे, म्हणून झाड संत्र्याचं. एक वाक्य, एक टाळी, असं रोज संध्याकाळी चाललं. पोरीचा आवाज पलंगावरून अंगणात अन् अंगणातून रस्त्यावर जायला लागला. बायकोलाही, वैशालीलाही, मी टाळ्यांना बसवलं.

एका संध्याकाळी शेजारच्या ढोबळे काकू हातात टाळ घेऊन दारात.

“वैशाली, भजन हाय नं वं तुमच्या घरी? मले नाई सांगतलं!”

“भजन नाई काकू, भाषण हाय.”

“भाषण? गुरुजी निवडणुकीले उभे राहून राह्यले का?”

सगळं समजावून सांगितलं. काकू बसल्या, अन् पुढच्या वाक्यापासून टाळ वाजायला लागला.

स्नेहसंमेलनाचा दिवस आला. मैदान भरलेलं. प्रमुख पाहुणे गावातले एक जुने कापूस व्यापारी, फेटा बांधून बसलेले. गार्गी माईकसमोर आली अन् खणखणीत आवाजात म्हणाली, “माझ्या आजोबांची मोहगावला संत्र्याची बाग आहे.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो!

अन् ती थांबली.

लोकांना वाटलं, विसरली. पडद्याआडून मॅडम पुढचं वाक्य सांगायला लागल्या. गार्गीनं मान हलवली, मला येते म्हणून. अन् मैदानात कोणाला तरी शोधत राहिली. कोणाला, ते सांगायला पाहिजे का?

वैशालीनं कोपर मारलं. “वाजवा!”

“इतक्या लोकात?”

“मंग पोरगी तिथंच उभी राहीन. वाजवा म्हणते नं!”

वाजवली. अख्ख्या मैदानात एकटी टाळी, जसं कोणी भाकर थापून राहिलं. गार्गी हसली अन् दुसरं वाक्य बोलली. परत थांबली. मी परत वाजवली. पुढच्या खुर्चीवरचा माणूस मागं वळून म्हणाला, “गुरुजी, पोरगी तुमचीच दिसते!”

तिसऱ्या वाक्याला सतरंजीवरच्या पोरांना खेळ समजला. मग काय विचारता! गार्गी नुसती “संत्र्याला” म्हणाली की टाळ्या, “पांढरी फुलं” म्हणाली की टाळ्या. पाहुणेही वाजवायला लागले. भाषण संपलं तेव्हा मैदान दणाणून गेलं होतं.

इथंच संपलं असतं तं मी आज मिशीला पीळ देऊन सांगितलं असतं. पण मग पाहुणे उठले.

“मी दोनच शब्द बोलणार आहे,” ते म्हणाले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या!

पाहुणे दचकले. मग खुलले. पुढचं वाक्य बोलले, पुन्हा टाळ्या. त्या भल्या माणसाला जन्मात एवढी तुरंत शाबासकी मिळाली नसेल. ते लहानपणापासून सुरू झाले, कापसाच्या गाड्यांवरून लग्नावर आले अन् लग्नावरून गुडघ्याच्या ऑपरेशनवर गेले. नाचाची पोरं रंग लावून पेंगायला लागली. मसालेभात थंड झाला.

मोठ्या मॅडम माझ्याजवळ आल्या. “सर, हे टाळ्यांचं तुम्हीच सुरू केलं नं? मंग आता बंदबी तुम्हीच करा.”

“मॅडम,” मी म्हटलं, “बंद कसं करायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारून शिकवलं. मी तेव्हा जामसांवलीले होतो.”

तिकडे तोवर पाहुण्यांचा दुसरा गुडघा सुरू झाला होता.

घरी निघालो. मोटरसायकलवर समोर गार्गी, मागं वैशाली. मी म्हटलं, “बेटा, लय छान बोलली. पण आता टाळीबगर बोलाची सवय करू. हळूहळू जमेल तुले.”

“मले तं जमते,” गार्गी म्हणाली. “सारं पाठ होतं.”

“मंग थांबून कायले राह्यली होती?”

“तुमच्यासाठी. घरी मी भरभर म्हटलं की तुम्ही म्हणत, ‘थांब थांब, टाळी राहिली!’ तुमचं तोंड एवढुसं होऊन जाये. म्हणून मी प्रत्येक वाक्याले थांबली. तुम्हाले वाजवाले आवडते नं, बाबा!”

पोरगी एवढं लांब बोलली, न अडखळता. वाक्य संपलं, अन् काय सांगू, माझे दोन्ही हात आपोआप उचलले गेले अन् टाळी वाजली.

“अजी, हँडल धरा!” मागून वैशाली ओरडली.