गुरुजींचं घरपोच मत

घरत गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या खोलीच्या दारात कपडे वाळत घालत होते. रविवार होता, माझी सुट्टी. त्यांचे चिरंजीव प्रकाशदादा शनिवारीच पुण्याहून आले होते. "संगीताताई, बाबा गेले. सकाळी चहाला उठवायला गेलो तर…" एवढंच म्हणाले. ओला टॉवेल खांद्यावर तसाच राहिला आणि मी उंबऱ्यावर बसले. माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, आता सांगायला नको. सुटले मी. रडले नंतर, पुष्कळ रडले. पण आधी ते आलं होतं, आणि तेव्हापासून स्वतःचीच इतकी लाज वाटते की आज दीड महिन्याने हे लिहायला बसले आहे.

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याला द्रोणागिरीच्या गोदामात काम लागलं म्हणून इकडे आलो. पनवेलमध्ये ओळखीचं कुत्रं नव्हतं. गुरुजींकडे दिवसभर सोबतीला बाई पाहिजे, असं कुणीतरी सांगितलं आणि मी तिसऱ्या मजल्यावर चढून गेले. गुरुजी तेव्हा चौऱ्याऐंशीचे. डोळ्यांचे पडदे गेलेले. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, कडेकडेचं थोडं दिसायचं. मला वाटलं, स्वयंपाक येतो का, इंजेक्शन देता येतं का, असं विचारतील. त्यांनी विचारलं, "वाचता येतं का गो?" मी म्हटलं, "सातवीपर्यंत शिकले." तर म्हणाले, "मग येतं. विसरली असशील, आठवेल." आणि पेपर पुढे केला. मी अग्रलेख वाचायला लागले ती अशी अडखळत, जशी काही खडकातून चालते आहे. ते एकदाही हसले नाहीत. पूर्णविराम आला की फक्त म्हणायचे, "थांब. श्वास घे. लिवणाऱ्यानं थांबायला जागा ठेवली हाय ना." उरणकडचे ते, वर्गात शुद्ध बोलायची सवय होती, पण घरी आणि रागात गावचं तोंडात यायचं. वर्षभरात मी घडाघडा वाचायला लागले. माझ्या आयुष्यात मला पुन्हा शाळेत बसवणारा हा एकच माणूस. त्यांनाच मी फसवलं.

विधानसभेची निवडणूक लागली की गुरुजींच्या अंगात वारं यायचं म्हणे. नोकरीत असताना कितीतरी वेळा ते केंद्राध्यक्ष होते. मोऱ्याला, नेऱ्याला, कुठल्या कुठल्या पाड्यांवर मतपेट्या घेऊन गेलेले. मी पाहिली ती त्यांची शेवटची विधानसभा. प्रकाशदादांच्या मुलीकडून त्यांनी उमेदवारांची शपथपत्रं छापून मागवली, आणि रोज दुपारी मी ती वाचायची. आधी गुन्हे, मग शिक्षण, मग बाकीचं. एकाच्या शिक्षणापुढे सातवी पास होतं. गुरुजी म्हणाले, "बघ. तुझ्या वर्गातला हाय. तू का नाय उभी राहिलीस?" मी हसत हसत म्हटलं, "मला भाषण येत नाही." "त्याला तरी कुठं येतं!" माझं नाव गावच्याच यादीत होतं, म्हणून तिकडच्या उमेदवारांचीही शपथपत्रं त्यांनी मागवली. मला म्हणायचे, तुझं मत तू मला सांगायचं नाही, पण वाचल्याशिवाय द्यायचंही नाही.

एक उमेदवार प्रचाराला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आला, बरोबर दहाबारा पोरं. धापा टाकत पायांना हात लावला आणि म्हणाला, "आजोबा, आशीर्वाद द्या." गुरुजी म्हणाले, "आशीर्वाद फुकट हाय, घे. आता उत्तर दे. आमचं मतदान केंद्र ज्या शाळेत आहे तिथं मुलींच्या संडासाला पाणी कधीपासून नाही, ठाऊक आहे का?" तो म्हणाला, बघून घेतो. "बघू नको, सांग." पोरं हसायला लागली, तोही ओशाळून हसला. जाताना एक पोरगा जिन्यात म्हणालेला मी ऐकला, "म्हातारा भारी आहे यार." मला उगाच अभिमान वाटला.

त्या वर्षी पंच्याऐंशीच्या वरच्या लोकांना घरी बसून मत देता येत होतं. गुरुजींना ते अजिबात पटलं नव्हतं. "मत काय दूध आहे, घरपोच यायला? खुर्चीवर बसवून न्या, पण रांगेत न्या मला." रांगेत माणसं भेटतात, जुने विद्यार्थी भेटतात, बोटाला शाई लागते, हे त्यांचं ठरलेलं होतं. मी आणि शेजारचे दोघे मिळून त्यांना खाली न्यायचं, हेही ठरलं होतं.

आणि मग माझ्या भावाचा फोन आला. गावच्या एका उमेदवाराने इकडे कामाला असलेल्या मतदारांसाठी गाडी ठेवली होती. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी कळंबोलीहून निघणार, मत देऊन परत आणून सोडणार. भाऊ म्हणाला, "माय लई आठवण काढायलीय, ये की." दोन वर्षं मी आईला पाहिलं नव्हतं. गुरुजींकडे रजा मागितली असती तर त्यांनी हसत दिली असती, हे मला आज कळतं. पण ते पहिला प्रश्न विचारणार, गाडी कुणाची? मतदारांना अशा गाडीतून नेणं हा गुन्हा आहे, हे त्यांनीच मला शिकवलेलं. त्याच माणसाचं शपथपत्र मी त्यांना वाचून दाखवलेलं. माझी जीभ उचलली नाही. काम जाईल, अशीही एक भीती पोटात सारखी असायचीच.

तेवढ्यात मतदार यादीचं काम करणाऱ्या बाई घरच्या मतदानाचा फॉर्म घेऊन आल्या. गुरुजी आंघोळीला गेले होते. "नको," एवढं म्हणायचं होतं मला. पण त्यांचं मत घरीच झालं तर मतदानाच्या दिवशी त्यांना खाली न्यायला माझी गरज उरणार नव्हती. मी म्हटलं, "ठेवून जा, उद्या न्या." दुपारी पेन्शनसाठी बँकेत द्यायचे हयातीचे कागद त्यांच्या सहीसाठी काढले आणि त्यांत तो फॉर्म घातला. सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवत असे. "हा कसला?" त्यांनी विचारलं. "हयातीचाच," मी म्हटलं. त्यांनी सही केली. वाचून दाखव, असं ते म्हणाले नाहीत. मी वाचलेलंच असणार, हे त्यांनी धरलं होतं.

मतदानाच्या काही दिवस आधी पथक आलं. अधिकारी, पोलीस, कॅमेरावाला, सगळे त्या लहानशा खोलीत. गुरुजी ताठ बसून म्हणाले, "मी अर्ज केलेला नाही. मी केंद्रावर येणार." अधिकारी मॅडम फार नरम बोलल्या, "गुरुजी, अर्जावर तुमची सही आहे. यादीत तशी नोंद झाली, आता केंद्रावर तुम्हाला मत देता येणार नाही." गुरुजींनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "संगीता, मी केला होता का गं हा अर्ज?" तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो गुरुजी. गुडघा दुखतोय म्हणालात ना, तेव्हा." ते हळूच म्हणाले, "असेल. मला आठवत नाही." त्यांची सोबती म्हणून मतपत्रिकेवर खूण मीच केली, गुप्त ठेवीन असं लिहून देऊन. त्यांनी कानात सांगितलेलं नाव मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तेवढं एक पाळलं.

एसटीने जाते असं सांगून मी त्या गाडीने गावी गेले, आले. गुरुजींनी विचारलं, "माय कशी आहे? एसटीला गर्दी होती का?" मी म्हटलं, "होती."

त्यानंतर ते बदलले. गॅस बंद केला का, हे दहादा विचारायचे. कुठल्याही कागदावर सही करेनासे झाले. "प्रकाश येऊ दे" म्हणायचे. दादांनी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, गुरुजी न चुकता खाली उतरत गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. गुरुजी म्हणाले, "पण तो अर्ज मला आठवत नाही हो, डॉक्टर." मी त्यांची काठी धरून बाजूलाच उभी होते. महापालिकेची निवडणूक आली तेव्हा पुन्हा एक उमेदवार जिना चढून आला. गुरुजींनी पत्रक घेतलं, नमस्कार केला, प्रश्न विचारला नाही. तो गेल्यावर म्हणाले, "मला माझंच आठवत नाय, मी लोकांना काय विचारू?" मतदानालाही गेले नाहीत. त्या दिवशी मी धीर करून सुरुवात केली, "गुरुजी, तो विधानसभेचा फॉर्म…" त्यांनी हाताने थांबवलं. "झालं ते सोड. तू आहेस म्हणून माझं कुणीतरी लक्षात ठेवतंय."

शोकसभेत त्यांचे विद्यार्थी बोलले. दोघातिघांनी सांगितलं की शेवटी सरांची स्मृती फार गेली होती. मी मागे चहाचे कप भरत होते. मी भरतच राहिले. पुढच्या आठवड्यात मतदार यादीच्या त्याच बाई गुरुजींचं नाव कमी करण्याचा अर्ज घेऊन आल्या. दादांनी पेन उघडलं. मी म्हटलं, "दादा, थांबा, आधी वाचते." आणि उभ्यानेच सगळा अर्ज मोठ्याने वाचला. त्यांनी सही केली, बाई गेल्या, आणि मग मी दादांना सगळं सांगितलं. गाडीपासून.

ते ओरडतील, असं वाटलं होतं. ते गुरुजींच्या पलंगावर बसले. मग म्हणाले, "म्हणजे बाबांना आठवत होतं."

"हो," मी म्हटलं. "त्यांनी अर्ज केलाच नव्हता. त्यांना सगळं आठवत होतं, शेवटपर्यंत."

"माझ्याशी ते फोनवर बोलेनासे झाले होते, माहितीये तुम्हाला? आपण काही चुकीचं बोललो तर, म्हणून." एवढं बोलून ते खिडकीकडे गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला एकट्याला सांगून काय उपयोग? त्या सभेत बसलेल्या सगळ्यांना सांगा."

क्षमा केली, असं ते म्हणाले नाहीत, आणि मी मागितली नाही. घर आवरायचं आहे म्हणून किल्ली अजून माझ्याकडे आहे. रोज दुपारी, पेपर वाचायच्या वेळेला, गुरुजींच्या खोलीत बसून हे त्या सगळ्यांसाठी थोडं थोडं लिहिलं. आज पूर्ण झालं, तेव्हा पलंगाकडे तोंड करून पहिल्यापासून मोठ्याने वाचलं. पूर्णविरामाला थांबले. कुणी काही म्हणालं नाही, म्हणून पुढे वाचत राहिले.