पाहुण्याच्या वासरांना आधी

रखमाबाई खोटं बोलत नसे, आणि बोलायला गेली तर तिला ते जमतही नसे. शहाडपासून टिटवाळ्यापर्यंत तिला ओळखणारं कुणीही हे सांगेल. आणि तरी आयुष्यात एकदाच, जेव्हा खरं बोलण्यावर सगळं अवलंबून होतं, तेव्हा नेमकं तिचं कुणी ऐकलं नाही.

उल्हास नदीच्या कडेला एका ट्रस्टने गुरांचा फार्म काढला होता. गावचे लोक त्याला ‘वळूंचा वाडा’ म्हणत. नांगराला, गाडीला जड अंगाचे बैल मिळावेत म्हणून तिथे निवडक वळू पाळायचे. रखमाबाईचा नवरा तिथे गवत कापायला होता. तो गेल्यावर तिला वासरांना दूध पाजायचं काम मिळालं. अठ्ठेचाळीस साली गुरांमध्ये बुळकांडीची साथ आली आणि एक डांगी गाय चार दिवसांचं वासरू मागे ठेवून मेली. अंगाने काळं, कपाळावर पांढरा चांद. रखमाबाईने आपली बोटं चोखायला देऊन त्याला दुधावर आणलं, थंडीत स्वतःच्या खोपटात बांधलं, आपलं घोंगडं त्याच्यावर घातलं. तोच चांद्या. पाच वर्षांत असा भरला की गोठ्याच्या दारातून तिरका आत जाई.

त्रेपन्न साली काठेवाडाकडून दुसरा वळू आला. गडी त्याला ‘पाहुणा’ म्हणू लागले. फार्मला दोन वळू परवडणारे नव्हते. कोणता ठेवायचा? फार्मचा कारभार पाहणारे त्र्यंबकराव साहेब पुण्यात शिकलेले, शांत, सभ्य माणूस. त्यांनी रखमाबाईला मुद्दाम बोलावून समजावलं.

"वळू दिसायला कसा, त्यावर जायचं नाही. चांद्या तुमच्या हातचं खाऊन मोठा झालाय, अंग त्यामुळेही असेल. रक्तात काय आहे ते त्याची वासरं सांगतील. दोघांची बारा-बारा वासरं, चौथ्या दिवशी आईपासून तोडायची, सगळ्यांना मापून सारखं दूध. सहा महिन्यांनी काट्यावर. ज्याची जड भरतील तो वळू राहील, दुसरा खच्ची करून गाडीला."

रखमाबाईला हसूच आलं. चांद्या आणि हरणार? भलतंच काहीतरी.

आणि वासरं झाली तीही तशीच. चांद्याची जन्मतःच थोराड, पहिल्या दिवशी ढुशी मारणारी. पाहुण्याची मात्र किरकोळ. पाय लटपटायचे, बादलीत तोंड घातलं तरी पिता येईना. कारकून हरिहर कल्याणहून यायचा, प्रत्येकाच्या कानातला बिल्ला पाहून जन्माचं वजन लिहायचा. चांद्याची तीन-तीन रत्तल जास्त. रखमाबाई शेजारी उभी राहून ऐकायची आणि तिची छाती फुगायची.

आता तिने जे केलं ते ऐकून तुम्ही तिला वेडी म्हणाल. म्हणा. पण तिच्या घरची रीत आधी ऐका. तिची मुलगी कलावती लहान असताना जावेची पोरं सुट्टीत राहायला यायची. तेव्हा भाकरीवरचं तूप आधी त्यांना, कलावतीला उरलं तर. पोर रुसली की रखमाबाई म्हणायची, "तू घरची ना गं? ती दोन दिवसांची." यात दुजाभाव नव्हता, उलट सगळी माया त्यातच होती. आपलं माणूस पोटाला चिमटा काढून राहतं, कारण ते आपलं असतं. तिच्या आईनेही तिला असंच वाढवलं होतं.

तेव्हा गोठ्यात चोवीस बादल्या ओळीने मांडल्यावर तिचा हात आपोआप तसाच चालला. चांद्याच्या एकेका पोराच्या बादलीतलं पावशेर काढायचं आणि पाहुण्याच्या पोरांना घालायचं, सकाळ-संध्याकाळ. "तुमचं काय रे, तुम्ही घरचे," ती त्यांना सांगायची. चोरीचा विचार तिच्या मनाला शिवलाच नाही. दुधाचं एकूण माप तर शेराला शेर जुळत होतं. सहा महिने तिने हे केलं, एकही वेळ न चुकता.

काट्याच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून आली होती. दुपारपर्यंत वजनं चालली. मग हरिहरने बेरीज केली, भागाकार केला, पुन्हा केला. पाहुण्याची वासरं सरासरी बारा रत्तल जड भरली होती.

 रखमाबाईला शिकलेल्यांचं काही कळत नसे, पण हे तिला एका क्षणात कळलं. ते बारा रत्तल कुठून आले हे सबंध फार्मवर तिला एकटीला ठाऊक होतं.

ती निघाली ती थेट साहेबांच्या टेबलापुढे.

"सायेब, वजन खोटं हाय. चांद्याच्या पोरांचं दूध मी काढलं. त्या दुसऱ्यांना घातलं. रोजच्या रोज."

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला. "का?"

"ती पाव्हण्याची ना, सायेब. आपल्यानी कसं आधी प्यायचं?"

 साहेब हळू आवाजात म्हणाले, "रखमाबाई, चांद्याला तुम्ही पोटच्या पोरासारखा वाढवलाय. त्याच्याच पोरांचं दूध तुम्ही तोडाल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. त्याला वाचवायला बोलताय. मला वाईट वाटतं, पण असं करू नका."

"नाय हो. आपली म्हणूनच तोडलं."

दारात उभ्या हरिहरला राहवलं नाही. "साहेब, जन्माची वजनं चांद्याच्याच वासरांची जास्त होती."

"जन्माचं वजन गाईच्या पोटावरही असतं, हरिहर. आणि दूध तर रोज बरोबर भरत होतं, तुम्हीच लिहिलंय." साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "रिपोर्ट आजच जाईल."

साहेब दुष्ट नव्हते हो. दुष्ट असते तर तिला त्यांना शिव्या तरी घालता आल्या असत्या. तिची माया सगळ्या फार्मला माहीत होती, आणि त्या मायेनेच तिला खोटं पाडलं.

सोमवारी गुरांचा डॉक्टर खच्ची करायचा चिमटा घेऊन आला. चार गडी दोर घेऊन भिडले, पण चांद्या कुणाला जवळ येऊ देईना. एकाला त्याने कुंपणावर फेकला, दुसऱ्याची बरगडी दुखावली. शेवटी डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर जनावराचा पाय मोडेल, मग गोळीच घालावी लागेल. साहेबांनी खाली मान घालून निरोप पाठवला, रखमाबाईला बोलवा.

ती आली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. चांद्याच्या गळ्याखाली हात घातला आणि लहानपणी घोंगड्यात घ्यायची तेव्हाच्या आवाजात म्हणाली, "बस रे माझ्या राजा." आणि तो बसला. मग आडवा झाला, तिच्या मांडीजवळ मान टाकून. गड्यांनी पाय बांधले तरी हलला नाही. चिमटा लागला तेव्हा त्याने एकदाच डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं. तिने त्याचे डोळे हाताने झाकले.

त्या दिवशीही तिने संध्याकाळचं दूध पाजलं. हरिहर म्हणाला, "बाई, आज राहू दे." तिने ऐकलं नाही. चोवीस बादल्या ओळीने मांडल्या, भांडं हातात घेतलं, आणि ती तशीच रडत उभी राहिली. शेवटी दूध हरिहरनेच ओतलं.

चांद्या पुढे सहा वर्षं फार्मच्याच गवताच्या गाडीला होता. अंग उतरलं, मान जुवाने सोलली. पण कान तेवढे शाबूत होते. कुठूनही रखमाबाईचा आवाज आला की गाडीसकट वळून तिच्याकडे चालू लागायचा, आणि गाडीवान पाठीत चाबूक ओढायचा. दोनदा असं झालेलं तिने पाहिलं. त्यानंतर फार्मच्या फाटकात शिरली की रखमाबाई दिवसभर तोंडातून शब्द काढीत नसे. नवे आलेले गडी तिला मुकी समजायचे.