जिवंत आईचा शोकसंदेश

माझ्या धंद्यात एकच नियम आहे. घरातल्या दोन माणसांशी फोनवर बोलल्याशिवाय मी शोकसंदेश बनवत नाही. लग्न, बारसं, दुकानाचं उद्घाटन यांना एक मेसेज पुरतो. नवरीचं नाव चुकलं तर दुसरं कार्ड करून देता येतं, फार तर नवरदेवाचा मामा चार शब्द सुनावतो. मेलेल्या माणसाच्या बाबतीत मला चूक परवडत नाही.

बुऱ्हाणपुरात इतवाऱ्याजवळ आमच्या दोन खोल्या आहेत. त्यातल्या पुढच्या खोलीत एक जुना लॅपटॉप आणि एक मोबाइल एवढ्यावर माझा धंदा चालतो. मराठी, हिंदी, उर्दू, मागाल त्या भाषेत मोबाइलवर पाठवायची कार्डं. वडिलांनी जन्मभर कागद कारखान्यात नोकरी केली. ते रिटायर झाल्यावर आम्ही इथे आलो आणि मी हे सुरू केलं तेव्हा ते म्हणाले होते, "आम्ही कागद बनवला, तू लोकांचा कागद बंद कर." चिडून नाही, हसत म्हणाले होते. त्यांचा शोकसंदेश हा मी बनवलेला पहिला.

धंदा वाढला तो लग्नांनी नाही, मरणांनी. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. लग्नाचं कार्ड माणूस बघतो आणि विसरतो. शोकसंदेश मात्र हातातलं काम टाकून चार ग्रुपवर पुढे पाठवतो. प्रत्येक कार्डाच्या तळाशी माझा लोगो असतो, एक छोटी समई आणि खाली माझा नंबर. ती समई धूलकोटपासून थेट तापीकाठच्या गावांपर्यंत ओळखीची झाली. केळीच्या बागा असलेले एक आजोबा मला म्हणाले होते, "पोरी, तुझी समई दिसल्याबिगर मी टोपी घालून मयतीला घराबाहेर निघत नाही." पेजवर हजारो लोक असतील नसतील, मला त्यांच्या त्या वाक्याचा जास्त गर्व होता. आणि गर्वाचं घर खाली, हे काही मला कुणी नव्यानं सांगायला नको.

आता भावाबद्दल. तो माझ्याहून लहान. त्यानं स्वतःच्या मनानं लग्न केलं, आईनं सुनेला उंबरा ओलांडू दिला नाही. त्या दिवशी तो दारातून ओरडला होता, "आता तुला खांदा द्यायलाच येईन!" उचलली जीभ लावली टाळ्याला. पण तो शब्दाचा पक्का निघाला. सूरतला लूमवर सुपरवायझर झाला, पाच वर्षं आला नाही. वडील या लग्नाच्या आधीच गेले होते, नाहीतर त्यांनी कान धरून आणला असता.

माझा फोन तो उचलत नसे. पण मी स्टेटस टाकलं की बघणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव हमखास असायचं, बहुतेक वेळा सगळ्यात आधी. हे लक्षात आल्यावर मी काहीतरी निमित्त काढून स्टेटसमध्ये आईला घालू लागले. नव्या पत्रिकेचा नमुना दाखवायचा तर मोबाइल आईच्या हातात देऊन फोटो काढायचा. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायच्या तर मागे आई करंज्या तळतेय. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय घरगुती जाहिरात करते ही बाई! आई रोज विचारायची, "पाह्यलं का त्यानं?" मी म्हणायचे, "हो, पहिलाच." तेवढं ऐकलं की ती कामाला लागायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी ती गच्चीवर कुरडया घालायला गेली आणि पाच मिनिटांत खाली आली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. म्हणाली, "कावळा बसला मह्या डोक्यावर."

शेजारची काकू आमच्याकडे विरजण मागायला आली होती. तिच्या हातातली वाटी हातातच राहिली. आमच्याकडे कावळा डोक्यावर बसणं म्हणजे मरणाचा सांगावा. त्याच्यावर उपाय असा की लांबच्या रक्ताच्या माणसाला, हा माणूस गेला, अशी खोटीच खबर धाडायची. तो रडला की मरण टळतं, मग खरं सांगून टाकायचं. मी लहान असताना मामा गेल्याचं असं कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आमच्याकडे आलं होतं. आईनं ऊर बडवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी दुसरं कार्ड आलं, कावळ्यामुळे लिहिलं होतं, सगळं ठीक आहे. ती त्यावरही रडली आणि मग शिरा केला.

"त्याले पाठव," आई म्हणाली.

"आई, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, म्हणून काय फांदी कावळ्यानं मोडली?"

"मले म्हणी नको शिकवू. लोकाचे बनवते ना? मग मायचा बनवाले काय जातं तुहं?"

काकू म्हणाली, "बनव ना बाई, दस मिनिट की तो बात है. रडला का लगेच फोन करून सांगजो."

मी दोन वेळा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा आईनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या तोंडावर मरणाची भीती नव्हती. दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मला कळलं. कळूनही मी लॅपटॉप उघडला, कारण तेच मलाही हवं होतं. तो येईल का, हे मलाही बघायचं होतं. नियम माझा होता आणि तो मोडला मीच, ही गोष्ट मी कावळ्यावर ढकलणार नाही.

फोटो आईनं स्वतः निवडला. "हा नको, याच्यात डोळे मिटेल हाये. तो हिरव्या लुगड्यातला घे." मी विचारलं, अंत्ययात्रेची वेळ लिहायची का? वेळ नसली तर कार्ड अर्धवट दिसतं. "चार वाजता लिख," ती म्हणाली, "ऊन उतरते तवा. लोकाले तरास नको." आम्ही तिघी हसलो. खरंच हसलो. मग मी पाठवलं. फक्त त्याला, एकट्याला. समई तळाशी आपोआप आली होती. ती काढायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दोन्ही टिका लगेच निळ्या झाल्या. आई माझ्या शेजारी पाटावर बसली होती. दहा मिनिटं आम्ही त्याच्या फोनची वाट पाहिली, मग मीच लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला तर फोन बंद. मी लिहिलं, आई बरी आहे, कावळ्यामुळे पाठवलं, फोन कर. त्या मेसेजवर एकच टिक आली आणि तशीच राहिली. सुनेला लावावा म्हटलं तर सुनेचा नंबर आमच्याकडे नव्हता. पाच वर्षांत आम्ही तो कुणाकडे मागितलाच नव्हता.

मग मला त्याचं स्टेटस दिसलं. माझंच कार्ड, खाली हात जोडलेले. फोन बंद करण्याआधी त्यानं तेवढं केलं होतं. तिथून ते मामेभावाकडे, त्याच्याकडून कारखान्याच्या जुन्या कॉलनीच्या ग्रुपवर, तिथून कुठे कुठे गेलं हे मला अजूनही सांगता येणार नाही. अकरा वाजेपर्यंत माझ्या पेजवर लोक श्रद्धांजली वाहू लागले. मी घाईघाईनं दुसरं कार्ड बनवलं, "आई सुखरूप आहेत, चुकीबद्दल क्षमस्व." पेजवर टाकलं, प्रत्येक ग्रुपवर टाकलं. पहिलं पळत गेलं होतं, दुसरं रांगत निघालं. कुणालाही ते पुढे पाठवायची घाई नव्हती. जिवंत असलेल्या माणसाची बातमी कोण पाठवतो!

दुपारी तीनपासून लोक घरी यायला लागले. केळीवाले आजोबा रिक्षातून उतरले, डोक्यावर पांढरी टोपी. आईनंच त्यांना पाणी दिलं. ते पाणी प्याले, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आयुष्य वाढलं तुमचं, ताई," एवढंच आईला म्हणाले आणि टोपी खिशात घालून निघून गेले. दोन लग्नघरांनी पत्रिकेचं काम काढून घेतलं, अपशकुन म्हणून. पेजवर एकानं लिहिलं, "यहाँ मुर्दे शाम तक ज़िंदा हो जाते हैं," आणि त्यावर हसणाऱ्यांची रांग लागली. आपल्याकडे म्हणतातच, बूँद से गई वो हौद से नहीं आती.

आईला या कशाचं काही नव्हतं. ती दाराकडे तोंड करून तांदूळ निवडत बसली होती.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. भुसावळला गाडी बदलून, हातात एक पिशवी घेऊन. डोक्याचा गोटा केलेला. अंत्ययात्रेची वेळ चारची लिहिली होती, आपण पोचत नाही हे त्याला कळलं होतं. म्हणून त्यानं सूरतला तापीवरच केस उतरवले, तिथेच अंघोळ केली आणि गाडीत बसला. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त दारात उभा असलेला, भुवया आणि कान एवढेच उरल्यासारखा दिसणारा माझा भाऊ दिसला.

आई उठली. तिच्या मांडीवरचं तांदळाचं ताट कलंडलं. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "केस कायले काढले रे?"

त्यानं तिच्या दंडाला हात लावून पाहिला, जणू फोटोला लावतोय. मी कसंबसं सांगितलं. कावळा, काकू, फोन बंद. ऐकता ऐकता तो उंबऱ्याबाहेर पायरीवर बसला.

"रडायचं होतं ना मी?" तो म्हणाला. "रडलो. नदीत उभा राहून रडलो. तापीचं पाणी इकडूनच येतं, म्हटलं राख आली तर मला भेटूनच जाईल. अजून काय पाहिजे होतं तुम्हाला?"

आई म्हणाली, "आत ये. भाकरी टाकते."

तो आत आला नाही. आईनं पायरीवरच ताट आणून दिलं, भाकरी आणि शेवेची भाजी, त्याची आवडती. त्यानं दोन घास खाल्ले, तिचं मन राखायला. ती त्याच्यासमोर बसून त्याचं खाणं बघत होती आणि तिच्या तोंडावर इतकं सुख होतं की मला तिचा राग आला. माझाही आला. दुपारच्या गाडीनं तो परत निघाला. आईच्या पाया पडला. नाक्यापर्यंत मी त्याच्याबरोबर चालत गेले.

रिक्षात बसताना तो म्हणाला, "ताई, माझी बायको म्हणाली होती, आधी फोन करून पक्कं कर. मी म्हटलं, माझी बहीण खोटं छापत नाही. समई आहे खाली." मग म्हणाला, "आता परत पाठवू नको. खरं असलं तरी मी नाही मानणार."

मी तिथेच उभी राहिले. मला माफी मागायची होती, पण रिक्षा सुटली. त्याला आणू शकणारा एकच निरोप माझ्याजवळ होता, तो मी एका कावळ्यावर खर्च केला. लोक परत येतील, पत्रिका परत येतील, काही आल्याही. हे एक मात्र मी कुठल्याही कार्डानं दुरुस्त करू शकत नाही.

घरी आले तेव्हा आई सांडलेले तांदूळ वेचत होती. मी विचारलं, "कावळा खरंच बसला होता का?"

तिनं वर पाहिलं नाही. "आला ना तो?" म्हणाली.

त्यानंतर मी समईखाली एक ओळ घातली, "दोन नातेवाइकांकडून खात्री करून." लोकांना वाटतं, नवीन सोय केली. केळीवाले आजोबा अजून मला फोन करून विचारतात, "पक्कं ना?" मी पक्कं म्हणते.

स्टेटस मी अजूनही टाकते. परवा आईला गच्चीवर बसवून कुरडयांबरोबर फोटो काढला. तिनं हिरवं लुगडं नेसून घेतलं होतं, न सांगता. फोटो टाकला आणि ती माझ्या शेजारी पाटावर येऊन बसली. यादीत एकेक नाव येत गेलं. मामेभाऊ, काकू, दोन गिऱ्हाइकं, फुलवाला. त्या दुपारपासून त्याचं नाव एकदाही आलेलं नाही.

"पाह्यलं का त्यानं?" आईनं विचारलं.

मी मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाले, "हो. पहिलाच."